तेवीस डावांत हूवर एकदाच जिंकले : छापून खेळायच्या एका खेळाचा आठ महिन्यांचा अनुभव

पाणी किती फुटांवर आलं हे दर तासाला बघत बसायचे ते जुलैचे दिवस होते. सांगलीत त्या दिवसांत दुसरं काही सुचत नाही. भाच्याने लॅपटॉपवर एक फाइल दाखवली. घरी छापून खेळायचा बैठा खेळ, फुकट, आणि करणाऱ्याने स्वतःचं नावसुद्धा घातलेलं नाही. विषय अमेरिकेची १९३२ ची अध्यक्षीय निवडणूक, ऐन महामंदीतली. तीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्ट यांनी खुर्चीवरचे रिपब्लिकन अध्यक्ष हूवर यांना हरवलं. अट एवढीच की ती निवडणूक झाली तशी होऊ द्यायची नाही.

आता मार्च संपत आलाय आणि तेवीस डाव झालेत. आम्ही चौघं : मी, भाचा, मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले शेठ आणि गल्लीतले निवृत्त गुरुजी.

आधी छपाईचं सांगतो, कारण पहिला मनस्ताप तिथेच झाला. नकाशा चार बाय तीन फुटांचा. तो वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्याकडून फ्लेक्सवर काढून घेतला. त्याने फाइल उघडली आणि विचारलं, "फोटो कुणाचा टाकायचा?" १८० रुपये गेले. घरी येऊन पसरला तर गुरुजींनी पहिल्याच नजरेत चूक पकडली. नकाशात पन्नास राज्यं! अलास्का आणि हवाई राज्यं झाली १९५९ मध्ये. १९३२ ला अठ्ठेचाळीसच होती. फाइल करणाऱ्याने आजचाच नकाशा उचलून चिकटवला होता. दोन्ही काळ्या मार्करने बुजवली. पत्ते एकशेदहा. लॅमिनेशन केलंत तर पिसताना सटकतात, म्हणून नुसत्या जाड कागदावर काढा. सोंगट्या फाइलमध्ये नाहीतच. शेठनी हळकुंडं आणली ती डेमोक्रॅटांची, आमच्या घरचे चिंचोके रिपब्लिकनांचे. हळकुंडांमुळे टेक्सास आता कायमचं पिवळं झालंय.

खेळाचे तीन भाग आहेत. पहिला पक्षाच्या अधिवेशनाचा, आणि तो फार घट्ट बांधलाय. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचे ११५४ प्रतिनिधी. उमेदवारीला साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश लागतात, म्हणजे ७७०. रूझवेल्ट यांना पहिल्या फेरीत ६६६ च्या थोडी वर मतं पडली आणि पुढच्या दोन फेऱ्यांत गाडी जेमतेम हलली. मग उमेदवारीच्या शर्यतीतल्याच टेक्सासच्या गार्नर यांनी टेक्सास आणि कॅलिफोर्नियातली आपली माणसं सोडली, त्यांच्या पदरात उपाध्यक्षपदाची उमेदवारी पडली, आणि चौथ्या फेरीत रूझवेल्ट ९४५ वर गेले. नियम वाचून दाखवला तसे शेठ खुलले. "आवं, हा तर खरसुंडीचा बैलबाजार झाला. रुमालाखाली बोटं धरायची आणि चारचौघांत परवडत नाही म्हणून मान हलवायची." तेव्हापासून गार्नर कायम शेठच होतात. एका डावात त्यांनी सहाव्या फेरीपर्यंत माणसं सोडलीच नाहीत. शेवटी कंटाळून सगळ्यांनी न्यूटन बेकर यांच्या गळ्यात माळ घातली. हे बेकर विल्सन यांच्या काळातले युद्धमंत्री, तडजोडीचा उमेदवार म्हणून तेव्हा खरोखरच त्यांचं नाव चर्चेत होतं. रूझवेल्ट नसलेली १९३२ ची निवडणूक आम्ही पहिल्यांदा बघितली ती अशी, एका अडत्याच्या हट्टापायी.

दुसरा भाग प्रचाराचा. तो मध्यम आहे. रेल्वेचे दौरे, रेडिओवरची भाषणं, राज्याराज्यांत सोंगट्या सरकवणं. एकूण ५३१ प्रातिनिधिक मतं, म्हणजे लोकसंख्येनुसार राज्याराज्यांना वाटून दिलेली; राज्य जिंकेल त्याला तिथली सगळी. निवडून यायला २६६. न्यूयॉर्कची ४७, पेनसिल्वेनियाची ३६. कॅलिफोर्नियाला या वेळी एकदम २२ मतं आहेत, चार वर्षांपूर्वी १३ होती. १९२० च्या जनगणनेनंतर जागांची फेरवाटणीच झाली नव्हती, ती १९३० नंतर झाली. हा तपशील खेळात बरोबर उतरलाय. चुकलंय ते दर फेरीला मिळणारं जनमताचं टक्केवारीतलं कोष्टक. नमुना घेऊन शास्त्रशुद्ध कौल काढायची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती, मग उमेदवाराला आपण ४१.३ टक्क्यांवर आहोत हे कळणार कुठून? आम्ही ते कोष्टक बाजूला ठेवलं आणि डाव लगेच चुरशीचे झाले. तुम्हीही तेच करा.

भाच्याची तक्रार वेगळी होती. "मामा, हूवर जिंकतच नाहीत. मग त्यांच्या बाजूने बसायचं कुणी?" प्रत्यक्षातही त्यांना ५९ प्रातिनिधिक मतं आणि सहाच राज्यं मिळाली होती. मला मात्र हा खेळाचा दोष वाटत नाही. दर चार कामगारांतला जवळपास एक बेकार असताना खुर्चीवरचा माणूस चार चांगल्या भाषणांनी तरला असता, असं खेळाने दाखवलं असतं तर मी फाइल पुसून टाकली असती. हूवर यांना वाचवायचं तर मागे जावं लागतं, आणि मागे जायचे पत्ते डावात दोनच. मी ते कसे वापरले ते सांगतो. एक ऑक्टोबर १९३१ साठी. ब्रिटनने सप्टेंबरमध्ये सुवर्णमानक, म्हणजे चलन सोन्याला बांधून ठेवायची पद्धत, सोडल्यावर अमेरिकेतलं सोनं बाहेर जायला लागलं, आणि ते थोपवायला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने मंदीतच व्याजदर दीडवरून साडेतीन टक्के केला. तो मी होऊ दिला नाही. दुसरा २८ जुलै १९३२ साठी. पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक १९४५ ला मिळणारा बोनस आत्ताच द्या म्हणून वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून होते, त्यांच्यावर लष्करप्रमुख मॅकआर्थर यांनी सैन्य घातलं. तेही थांबवलं. एवढं करूनही हूवर काठावर पास झाले ते डेमोक्रॅटांचे १९२८ चे उमेदवार आल स्मिथ रुसून वेगळे उभे राहिले म्हणून. २७१. तेवीस डावांतला हा एकच.

पण हा खेळ टिकला तो तिसऱ्या भागामुळे. निवडणूक ८ नोव्हेंबरला, शपथ ४ मार्चला. मधले चार महिने जुन्याच्या हातात बळ नाही आणि नव्याच्या हातात शिक्का नाही. बहुतेक खेळ निकाल लागला की आवरतात. इथे निकालानंतर गड्डी नव्याने पिसायची आणि एकेक तारीख उलटायची. १४ फेब्रुवारीला मिशिगनमधल्या बँका बंद. १५ फेब्रुवारीला मायामीत रूझवेल्ट यांच्यावर झांगारा नावाच्या माणसाच्या गोळ्या. रूझवेल्ट वाचले, शिकागोचे महापौर सर्माक यांना लागली आणि ते ६ मार्चला गेले.

या भागात आमचं खरं भांडण झालं ते कूलिज यांच्यावरून. शेठनी एका डावात हूवर यांना बाजूला सारून माजी अध्यक्ष कूलिज यांना रिपब्लिकन उमेदवारी मिळवून दिली आणि चक्क निवडूनही आणलं. मग पत्ता उलटला : ५ जानेवारी १९३३, कूलिज यांचं हृदयविकाराने निधन. ही तारीख खरी आहे. शेठ उभेच राहिले. "त्यो खऱ्या इतिहासातला मेला. माझा कशाला मरंल?" गुरुजी म्हणाले, "अहो, घरी बसून गेलेला माणूस तो. देशभर प्रचाराला फिरला असता तर जानेवारीही गाठली नसती." त्यात भाच्याने विसावी घटनादुरुस्ती काढली. नियोजित अध्यक्ष शपथेआधी वारला तर नियोजित उपाध्यक्ष अध्यक्ष होतो हे तिने लिहून ठेवलं, पण तिला मंजुरी मिळाली २३ जानेवारीला, म्हणजे मृत्यूनंतर अठरा दिवसांनी. मग ती लागू होणार की नाही? रात्रीचा एक वाजला. नियमपुस्तकात यावर एक ओळ नाही, आणि ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. एक गोष्ट बदलली की बाकीच्यातलं किती तसंच ठेवायचं, हे न ठरवता 'जर असं झालं असतं तर' खेळता येत नाही. आमचा तोडगा असा : दुखणं आणि पाऊसपाणी तारखेप्रमाणे येणार, माणसाने ठरवून केलेल्या गोष्टींना फासा टाकायचा. म्हणून आमच्याकडे कूलिज प्रत्येक वेळी जातात आणि झांगाराचा नेम कधी लागतो, कधी चुकतो. दोनदा लागला आणि गार्नर अध्यक्ष झाले. दोन्ही वेळा शेठनी भडंग मागवलं.

याच गड्डीत 'बँकेसमोर रांग' नावाचे पाच पत्ते आहेत. पत्ता आला की ज्याच्याकडे तो आला त्याने ठरवायचं, पैसे काढायचे की ठेवायचे. सगळ्यांनी ठेवले तर बँक तगते, एकाने काढले तर बाकीच्यांचे बुडतात. पहिल्यांदा तो गुरुजींकडे आला तेव्हा त्यांनी वाचला आणि काही न बोलता गड्डीच्या तळाशी घातला. त्यांची निवृत्तीची रक्कम एका पतसंस्थेत अडकली होती, सकाळी सहापासून रांगेत उभं राहून त्यांनी ती हप्त्याहप्त्याने काढली, तीही सगळी नाहीच. नियमात तळाशी घालायची सोय नाही. आम्ही कुणी काही म्हणत नाही.

अजून एक उणीव. या खेळात अमेरिकेबाहेरचं जग जवळजवळ नाहीच. रुपया पौंडाला बांधलेला, शेतमालाचे भाव कोसळलेले, लोक घरातलं सोनं मोडत होते आणि १९३१ नंतर ते इथून जहाजं भरभरून बाहेर गेलं. माझ्या पणजीच्या पाटल्या त्यातच गेल्या असं घरात सांगतात. भाच्याने त्यासाठी एक पत्ता हाताने लिहून गड्डीत घातलाय. तो आला की ज्याच्याकडे सोन्याची चणचण असेल त्याला थोडं मिळतं.

नियमपुस्तक इंग्रजीत, बेचाळीस पानी आणि रटाळ आहे. पहिला डाव पाच तास चालला, आता अडीचात उरकतो. तिघांत जमतो, दोघांत अजिबात नाही. छपाई, कागद, डबा धरून सहाशेच्या आसपास खर्च झाला. फ्लेक्स मात्र गुंडाळून ठेवा, आम्ही घडी घातली आणि ओहायोवर कायमची रेघ पडली. मार्करही उडत चाललाय. परवा शेठ विचारत होते, वरच्या कोपऱ्यात हे काय दिसायला लागलंय म्हणून. अलास्का होतं.