नमुना ६अ : नोंदणी सोपी, मत मात्र विमानाच्या तिकिटाला बांधलेलं

नोकरी-शिक्षणासाठी परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येतं. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना ६अ. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो, पैसे लागत नाहीत. नोंदणीची ही सोय चांगली आहे. प्रत्यक्ष मतदानाची सोय मात्र नाहीच म्हणायला हवी.

पोर्टल उघडण्याआधी पासपोर्टचं शेवटचं पान पाहा. मतदारसंघ ठरतो तो तिथल्या भारतातल्या पत्त्यावरून. पासपोर्टवर चिपळूण असेल आणि आईवडील आता पुण्यात राहत असतील, तरी नाव चिपळूणलाच लागणार. म्हणून परदेशात पासपोर्टचं नूतनीकरण करताना त्यावर कोणता पत्ता छापला जाणार, हे वकिलातीत आधी विचारून घ्या.

अर्जाला रंगीत फोटो, पासपोर्टची फोटो व पत्त्याची पानं आणि चालू व्हिसाचं पान जोडायचं. पोस्टाने पाठवत असाल तर प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही हवी. नेहमीची चूक म्हणजे ६अ ऐवजी साधा नमुना ६ भरणं. तो भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावं लागतं, कारण दोन ठिकाणी नाव चालत नाही. पुढे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा स्थानिक अधिकारी, पासपोर्टवरच्या पत्त्यावर चौकशीला येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा. कुलूप दिसलं किंवा शेजाऱ्यांनी ‘इथे कोणी राहत नाही’ म्हटलं, की अर्ज रेंगाळतो.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांना हा मार्ग बंद आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत मिळत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्या गोवेकरांनी हे आधीच समजून घ्यावं.

आता खरी अडचण. मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन आपल्याच मतदान केंद्रावर यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला यादीत १,१९,३७४ परदेशस्थ मतदार होते, मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आखातातून कोचीला येणं जमतं. न्यू जर्सीहून साताऱ्याला एका दिवसासाठी कोण येणार? सैनिकांना आणि वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते, ती भरून टपालाने परत पाठवता येते. तीच सोय या मतदारांनाही द्यावी, असं आयोगाने २०२० मध्ये सरकारला कळवलं होतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झालं. मतदाराने स्वतःचं काम चोख केल्यावरही त्याचा हक्क कागदावरच राहावा, हे आम्हाला मान्य नाही.

तरीही नोंदणी करा, आणि निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. सुट्टी मतदानाच्या आसपास घेणार असाल तर तिकीट काढण्याआधी पोर्टलवर आपलं नाव शोधा. परदेशस्थ मतदारांची नावं यादीत वेगळ्या भागात असतात. आणि त्यांना ओळखपत्र मिळत नसल्याने पासपोर्ट गावी येताना बॅगेत नव्हे, हातात ठेवा. कायमचे परत आलात की नमुना ६ भरून साधे मतदार व्हा.