‘ऑक्युपाइड जपान’च्या शिक्क्यापायी ७८,५०० येन गेले

७८,५०० येन. वर पोस्टेजचे १,६४०. तीन आठवडे बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. आता लिहितोय, कारण तोक्योत आपल्यातले बरेच जण जुनी जपानी खेळणी ॲपवरून घेतात.

भोकांच्या लोखंडी पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट. आपण सरसकट मेकॅनो म्हणतो तसला सेट. खोक्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे परक्यांच्या ताब्यातल्या जपानात बनलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते १९५२ च्या दरम्यान निर्यातीच्या मालावर हा शिक्का येई, म्हणून त्याला भाव. ‘आजोबांच्या घरात सापडला, सगळे भाग मूळचे,’ असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं.

आणि चौथ्या फोटोत स्क्रूच्या डोक्यावर प्लसची खाच होती. मला दिसली. स्पष्ट दिसली. बारा वर्षं मशीन डिझाइनमध्ये काढली आहेत मी. होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा १९५४ मध्ये युरोपला गेले, तिथून प्लस स्क्रू घेऊन आले आणि मग तो इथल्या कारखान्यांत रुळला, हे ऑफिसात नव्या पोरांना मीच सांगतो. त्याआधीच्या सेटमध्ये सरळ खाचेचे स्क्रू हवेत. तरी मनाशी म्हटलं, दोन-चार हरवले असतील, कुणी नंतर बदलले असतील. तिथंच थांबायला हवं होतं! पण रात्रीचे साडेअकरा, ‘अजून दोघे विचारताहेत’ असा मेसेज, आणि साताऱ्याला लहानपणी बाबांनी आणलेला सेट डोळ्यांपुढे. अशा वेळी कुणाचंही डोकं चालत नाही.

आपण ‘मिळालं’ म्हणून रेटिंग दिलं की ॲप विकणाऱ्याला पैसे सोडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. त्यानं कळवलं, आई दवाखान्यात आहे, जरा लवकर द्याल का. वरचा थर पाहून दिलं. कुणी आईचं नाव काढलं तरी देऊ नका. तळापर्यंत उपसा, मोजा, मगच.

रात्री व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. काही पट्ट्यांत भोकांमधलं अंतर १२.७ मिमी, बाकीच्यांत १०. एक भोक जुळवलं की पुढचं जुळत नाही. दोन-तीन वेगळ्या सेटांचा कचरा. शिक्क्याला ओलं बोट लावलं तर शाई बोटावर आली.

ॲपवाले पाच वेळा एकच वाक्य पाठवतात: व्यवहार पूर्ण झाला आहे. पोलीस चौकीत तासभर बसवलं आणि सांगितलं, हा दिवाणी वाद, आम्ही पडत नाही. ग्राहक केंद्र म्हणतं, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, आमच्या कक्षेत येत नाही. अहो, खोटा शिक्का मारून माल विकला त्यानं! मुद्दाम केलं याचा पुरावा आणा म्हणे. पुरावा मीच शोधायचा, तर तुम्ही कशाला बसलात? दोनदा अर्धा दिवस रजा गेली, प्रत्येक खिडकीवर तेच फोटो, तीच कहाणी पहिल्यापासून.

स्क्रूंचा जवळून फोटो मागा. नाही दिला तर सोडून द्या.

काल नव्या नावानं आणखी एक सेट विकायला लागलाय. फोटोत खालच्या तातामीच्या, म्हणजे जपानी चटईच्या, काठावरचा चहाचा डाग तोच आहे.