१०८० की १४४०? कोकणातल्या घरात गेम रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

देवगडचा माझा मावसभाऊ गेले दोन महिने एकाच प्रश्नावर अडलाय: २४ इंची १०८०पी मॉनिटर घ्यायचा की २७ इंची १४४०पी? तो गेम खेळतो, रेकॉर्ड करतो आणि यूट्यूबवर टाकतो. चिपळूण-मालवणची पोरंही हेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितो.

रेकॉर्डिंग मॉनिटरच्या काचेवरून होत नाही. ग्राफिक्स कार्ड जे चित्र तयार करतं, तेच ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उचलतं. मॉनिटरचा संबंध एवढाच, की आपण गेम बहुधा त्याच्याच रिझोल्यूशनवर, म्हणजे तेवढ्याच पिक्सेलांत, चालवतो.

१९२०×१०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, २५६०×१४४० म्हणजे ३६.९ लाख. दर फ्रेमला जवळजवळ १.८ पट काम. ज्या गेमचा वेग सीपीयूमुळे (मुख्य प्रोसेसरमुळे) अडतो, तिथे फरक कमी जाणवतो, पण ग्राफिक्सने जड गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगलेच खाली येतात. ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० या साध्या ग्राफिक्स कार्डावर १४४० चालवायचं तर सेटिंग उतरवावीच लागतात. मग गेम १०८० वर आणला, की १४४०च्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेल १.३३ पट ताणला जातो आणि अक्षरं धूसर होतात. तेच चित्र १०८०च्या मॉनिटरवर लख्ख दिसतं. ४के तर ८३ लाख पिक्सेल. मधल्या बजेटच्या कार्डाने त्या वाटेला जाऊ नये.

आता रेकॉर्डिंग. एनव्हिडियाच्या कार्डात एन्कोडिंगसाठी, म्हणजे चित्र दाबून व्हिडिओ फाइल बनवण्यासाठी, वेगळा भाग असतो; त्याला एनव्हीएन्क म्हणतात. तो वापरला तर गेमवर ताण थोडाच येतो. एक्स२६४ हे सॉफ्टवेअरने होणारं एन्कोडिंग निवडलंत तर सगळा भार सीपीयूवर, आणि १४४० ला तो फार जाणवतो.

६० एफपीएसच्या व्हिडिओसाठी यूट्यूब १०८० ला १२ एमबीपीएस आणि १४४० ला २४ सुचवतं. म्हणजे तासाभराची फाइल ५.४ जीबी किंवा १०.८ जीबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर पहिली ७२ मिनिटांत चढते, दुसरीला २ तास २४ मिनिटं लागतात. आषाढात एवढा वेळ नेट सलग टिकेल, याची खात्री आमच्या वाडीत तरी कोणी देणार नाही.

तरीही १४४० च्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. यूट्यूब १४४० आणि त्यावरचे व्हिडिओ व्हीपी९सारख्या नव्या, चित्र जास्त नीट जपणाऱ्या कॉम्प्रेशनमध्ये देतं. लहान चॅनेलच्या १०८० व्हिडिओंना बहुधा जुना एच.२६४ मिळतो. गवत, पानं, पाऊस, म्हणजे जिथे पडद्यावरचं सगळंच हलत असतं, तिथे एच.२६४ चं चित्र चिखल होतं. यावर उपाय सोपा आहे: १०८० ला रेकॉर्ड करा आणि एडिट करून बाहेर काढताना १४४० करा. नवा तपशील येत नाही, पण चिखल बराच कमी होतो. फाइल मात्र मोठी होते, म्हणून हे निवडक व्हिडिओंसाठी ठेवा.

२७ इंचाचा १०८० मात्र घेऊच नका. २४ इंचावर इंचाला ९२ पिक्सेल बसतात, २७ वर ८२. जवळ बसणाऱ्याला दाणे दिसतात. २७ इंचावर १४४० असेल तर १०९, आणि ते खरंच सुंदर दिसतं.

१२ जीबीचं आरटीएक्स ३०६० किंवा त्याहून चांगलं कार्ड आणि घरात फायबर असेल, तर मी बिनधास्त १४४० म्हणेन. भावाकडे १६५० आहे, म्हणून त्याला २४ इंची १०८० सांगितला आणि उरलेल्या पैशांत यूपीएस घ्यायला लावला. गेल्या पावसाळ्यात लाईट गेली आणि माझं दोन तासांचं एमपी४ रेकॉर्डिंग उघडेनासं झालं. तेव्हापासून मी एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारातच रेकॉर्ड करतो. वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो, आणि नंतर ओबीएसमधलं रीमक्स त्याचं काही क्षणांत एमपी४ करून देतं.