पीपीओ की एचडीएचपी? आधी 'नाही' कोण म्हणणार ते बघा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. तो जर्सी सिटीत असतो. बायकोला पाचवा महिना लागलाय आणि कंपनीच्या ओपन एनरोलमेंटची (वर्षातून एकदा आरोग्य विम्याचा प्लॅन निवडायची) मुदत शुक्रवारी रात्री संपत होती. "मावशी, पीपीओ घेऊ की एचडीएचपी? पटकन सांग, दहा मिनिटांत मीटिंग आहे."

दहा मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं. दोन्ही आरोग्य विम्याचेच प्रकार: पीपीओत हप्ता जास्त, पण विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या डॉक्टरकडेही जाता येतं; एचडीएचपीत हप्ता कमी, पण सुरुवातीचा बराच खर्च आपला. अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली तरी दर नोव्हेंबरात मीही त्या पोर्टलपुढे परीक्षेला बसल्यासारखी बसते. रात्री त्याला सविस्तर सांगितलं. तेच इथे लिहिते, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेली आपली मुलं बरीच आहेत.

आधी आकडे. त्याच्या पोर्टलवरचे आहेत, मी जरा गोल केलेत. पीपीओसाठी पगारातून महिन्याला ५२० डॉलर कापणार. कुटुंबाचं डिडक्टिबल १,५००, त्यापुढच्या बिलाचे २० टक्के आपले, आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त ८,००० जाणार. एचडीएचपीला महिन्याला २३०, डिडक्टिबल ४,०००, पुढे तेच २० टक्के, कमाल मर्यादा १०,०००. शिवाय कंपनी एचएसए खात्यात, म्हणजे औषधोपचारांसाठीच्या बचत खात्यात, १,५०० डॉलर टाकणार. (डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनीनं पाकीट उघडायच्या आधी आपण आपलं रिकामं करायची रक्कम. पुण्याहून आई विचारते, "विमा आहे ना, मग पैसे कसले भरता?" तिला हे अजून पटलेलं नाही.)

हप्ता, खिशातला खर्च आणि कंपनीचे १,५०० धरून वर्षाचा हिशेब असा येतो:

| वर्ष कसं गेलं | पीपीओ | एचडीएचपी |
|---|---|---|
| कोणी आजारी पडलं नाही | ६,२४० | १,२६० |
| बाळंतपण, बिल १८,००० | ११,०४० | ८,०६० |
| सगळंच बिघडलं | १४,२४० | ११,२६० |

बाळंतपणाचं बिल मी धरून चाललेय, नेटवर्कचा (विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांचा) सवलतीचा दर लागल्यानंतरचं. सिझेरियन झालं तर वाढेल. पण तिन्ही ओळींत एचडीएचपी स्वस्त पडतो, अगदी सगळं बिघडलेल्या वर्षातही. भाच्याचा विश्वास बसेना. त्याचं साहजिक आहे. ४,००० बघून छातीत धस्स होतं, आणि ५२० पगारातून न बोलता जातात म्हणून दुखत नाहीत.

हे गणित सगळ्यांना लागू नाही. दोन्ही हप्त्यांतला फरक महिन्याला शंभराच्या आत असेल आणि कंपनी एचएसएत काही टाकत नसेल, तर आजारपणाच्या वर्षात ते उलटं पडतं. म्हणून आपल्या पोर्टलवरचे आकडे घ्या आणि या तीन ओळी स्वतः मांडा. वीस मिनिटं लागतात.

एचडीएचपीची खरी अडचण एकूण खर्चात नाही, तो कधी येतो त्यात आहे. १ जानेवारीला डिडक्टिबल पुन्हा शून्यावर येतं आणि वर्षातली पहिली बिलं सगळी आपल्या अंगावर पडतात. हाताशी चार हजार नसतील तर माणूस डॉक्टरकडे जायचंच टाळतो. वार्षिक तपासणी, लसी, गरोदरपणातल्या ठरावीक तपासण्या दोन्ही प्लॅनमध्ये फुकट असतात, पण "पोटात दुखतंय, दाखवून येऊ का" हे फुकटात बसत नाही. ज्याची बचत जेमतेम आहे त्यानं ते तीन हजार जास्त मोजून पीपीओ घेतला तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

एचएसएबद्दल एवढंच सांगते. २०२६ साठी कुटुंबाची मर्यादा ८,७५० डॉलर आहे, कंपनीचे पैसे त्यातच धरायचे. फेडरल कर लागत नाही. राज्याचा कर मात्र न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया माफ करत नाहीत, म्हणजे नेमकी आपली मंडळी जिथे दाटीनं राहतात तिथेच. पैसे वर्षाअखेर बुडत नाहीत, नोकरी गेली तरी खातं आपलंच राहतं. एच-वन-बी वाल्यांना याचं मोल जास्त. पुण्यात रूट कॅनल केलं तर त्याचीही पावती चालते.

आता जे कुठल्याच तक्त्यात नसतं ते.

काही वर्षांपूर्वी माझा गुडघा गेला. तेव्हा माझ्याकडे पीपीओ होता, चांगला महागातला. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, विमा कंपनीकडे प्रायर ऑथरायझेशनसाठी (उपचाराआधीच्या मंजुरीसाठी) कागद गेले आणि आठवड्यानं पत्र आलं: वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं दिसत नाही, आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करा. खाली कोणाची सही नाही. ते सहा आठवडे मी जिना आडवी होऊन, कठड्याला धरून उतरत होते. दवाखान्यातल्या फोनवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांचा निम्मा दिवस अशाच फोनांत जातो. सातव्या आठवड्यात एमआरआय झाला, कूर्चा फाटलेली निघाली. पैसे कंपनीनं दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षाला हजारो डॉलर जास्त भरून मी 'नाही' टाळलं नव्हतं. नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडे जायची मुभा विकत घेतली होती आणि ती कधी वापरलीही नव्हती.

त्या पत्रामुळे ४ डिसेंबर २०२४ नंतरचे दिवस मला समजले. पटले नाहीत, समजले. त्या सकाळी मॅनहॅटनमधल्या हिल्टनबाहेर युनायटेडहेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांना गोळ्या घालून मारलं. घटनास्थळी सापडलेल्या काडतुसांवर 'डिले', 'डिनाय', 'डिपोज' असे शब्द लिहिले होते. कंपनीच्या शोकसंदेशाखाली लोकांनी हजारोंनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. दोन मुलांचा बाप मेला होता आणि लोक हसत होते. माझी विमा कंपनी वेगळी होती, तरी आमच्या भिशीत त्या आठवड्यात प्रत्येकीकडे सांगायला एक 'नाही'ची गोष्ट होती.

लोक बोलत होते ते बड्या पगारांवर. पण त्याचा हिशेब करून बघा. युनायटेडहेल्थ या मूळ कंपनीच्या सीईओंना २०२४ साली सुमारे २ कोटी ६३ लाख डॉलर मिळाले. ती कंपनी अमेरिकेत सुमारे ५ कोटी लोकांचा आरोग्य विमा सांभाळते. म्हणजे माणशी वर्षाला अर्धा डॉलर. सीईओ फुकट राबला तरी तुमचा हप्ता जागचा हलणार नाही. तो पगार डोळ्यांत खुपतो, कारण तो घेणारा आणि ते बिनसहीचं पत्र पाठवणारा एकच, असं आपण धरून चालतो.

आणि इथेच बहुतेकांची चूक होते. नोकरीतून विमा असलेल्या दर तीन माणसांतल्या जवळपास दोघांचा प्लॅन 'सेल्फ-फंडेड' असतो. कार्डावर नाव विमा कंपनीचं, पण उपचारांचे पैसे आपल्याच कंपनीच्या तिजोरीतून जातात. विमा कंपनी तिथे फक्त कारकुनी करते, आणि काय चालेल, काय नाही याचे नियम आपली कंपनी मान्य करते. त्यामुळे पीपीओ आणि एचडीएचपी शेजारी शेजारी ठेवले तरी प्रायर ऑथरायझेशनची यादी बहुधा एकच निघते. भाच्याला मी म्हटलं, एचआरला दोन प्रश्न विचार: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, आणि दोन्ही प्लॅनची प्रायर ऑथरायझेशनची यादी एकच आहे का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन्हींना हो.

म्हणजे ते वरचे तीन हजार देऊनही त्याला एकही 'नाही' कमी होणार नव्हतं. त्याच्यासाठी निकाल तिथेच लागला. उलट प्लॅन सेल्फ-फंडेड असल्याचा एक फायदा आहे: क्लेम नाकारला तर विमा कंपनीच्या हेल्पलाइनशी हुज्जत घालण्याबरोबर एचआरमधल्या बेनिफिट्सवाल्या माणसालाही गाठायचं. पैसे त्यांचे आहेत, त्यांचा शब्द चालतो.

आणि अपील करायचंच. हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी विमा-बाजारातल्या प्लॅनमध्ये २०२३ साली नेटवर्कमधले १९ टक्के क्लेम नाकारले गेले. त्यांतल्या शंभरातल्या एकानंही अपील केलं नाही. ज्यांनी केलं, त्यांतल्या ४४ टक्क्यांच्या बाबतीत कंपनीनं निर्णय फिरवला. अपीलाला १८० दिवस असतात, आणि तिथेही नकार आला तर बाहेरच्या तटस्थ डॉक्टरांकडून फेरतपासणी मागता येते. तो निकाल कंपनीला पाळावाच लागतो. आपल्याकडे "कुठे नादी लागायचं" म्हणून पाच-सातशे डॉलर सोडून देणारे फार. मीही एकदा सोडलेत.

एचएमओ त्याच्या पोर्टलवर तिसरा होता. हप्ता मधला, डिडक्टिबल शून्य, पण प्रत्येक स्पेशालिस्टसाठी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागणार आणि नेटवर्कबाहेर तातडीच्या उपचारांखेरीज काही नाही. विमा आणि रुग्णालय एकाच छताखाली असलेली कैसरसारखी संस्था जवळ असेल तर मी एचएमओ जरूर बघेन, कारण तिथे हो-नाही करणारा निदान आपल्याला तपासणाऱ्यांच्यातला असतो. जर्सीत तसं नाही. शिवाय भाचेसुनेच्या डॉक्टर त्या यादीत नव्हत्या. पाचव्या महिन्यात डॉक्टर बदलायला कोण सांगेल?

ज्यांना नोकरीतून विमा नाही, त्यांच्यासाठी कंपनीनं मांडलेले हे पर्याय नाहीत, आणि माझ्या मते खरी आग तिथे आहे. त्या सरकारी बाजारातून विमा घेणाऱ्यांना हप्त्यावर मिळणारी सरकारची वाढीव सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्या वादात सरकार ४३ दिवस बंद होतं, आणि उघडलं तेव्हाही सवलत वाढवलेली नव्हती. सवलत घेणाऱ्या माणसाचा वर्षाचा हप्ता सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाईल असा केएफएफ या आरोग्य धोरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेचा अंदाज होता. नोकरदारांचा हप्ता तरी कुठे स्वस्त आहे? २०२५ साली कुटुंबाच्या विम्याचा सरासरी खर्च २६,९९३ डॉलर होता आणि त्यातले ६,८५० कामगाराच्या पगारातून गेले. उरलेले कंपनी भरते असं म्हणतात. ते आपल्या न झालेल्या पगारवाढीतून भरते.

भाच्यानं गुरुवारी रात्री एचडीएचपी घेतला, आणि वाचणाऱ्या हप्त्याचे महिन्याला २९० एचएसएत वळवले, म्हणजे एप्रिलपर्यंत डिडक्टिबलचा बराचसा भाग जमलेला असेल. शुक्रवारी भाचेसुनेचा फोन. बाळ झाल्यावर ३० दिवसांच्या आत त्याला प्लॅनमध्ये घालावं लागतं, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का, मावशी?

खरं आहे, आणि मुदत चुकली तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत थांबावं लागतं. तिनं फ्रिजवरच्या कागदावर लिहून घेतलं: बारसं बाराव्या दिवशी, पोर्टल त्याआधी.