श्वसन-पुनर्वसनाचा वर्ग : थकव्याच्या कसोटीवर

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार), फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसे कडक होत जाणे) किंवा ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे) यांसारखा आयुष्यभर सोबत राहणारा विकार झालेल्या माणसाला औषधांइतक्याच आग्रहाने सुचवली जावी, पण प्रत्यक्षात बहुधा फार उशिरा सुचवली जाते, अशी एक सेवा म्हणजे श्वसन-पुनर्वसनाचा वर्ग, म्हणजेच देखरेखीखालचा व्यायाम आणि आजारासह जगण्याचे शिक्षण. मला स्वतःला सीओपीडी आहे आणि एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चालणारा असा वर्ग मी पूर्ण केला आहे. इथे मी त्या रुग्णालयाची नव्हे, तर या सेवेची पारख करणार आहे, कारण वर्ग कुठेही भरत असला तरी त्याचा गाभा फारसा बदलत नाही. माझा मुख्य प्रश्न असा होता, की सतत अंगात मुरलेला थकवा या वर्गाने कमी होतो का आणि वर्ग संपल्यावरही माणूस हिंडता-फिरता राहतो का.

या थकव्याचे स्वरूप आधी सांगायला हवे, कारण ज्याने तो अनुभवलेला नाही त्याला तो आळस वाटतो. सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आतच पुढचा श्वास घ्यावा लागतो. चालण्याचा वेग वाढला की आत अडकलेली हवा वाढत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि श्वसनाच्या स्नायूंना प्रत्येक श्वासासाठी जादा जोर लावावा लागतो. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळली की मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि झिजलेले स्नायू थोड्याशा कामानेही थकून श्वासाची मागणी आणखी वाढवतात. जिना चढताना आपल्याला फुप्फुसे थांबवतात असे आपण धरून चालतो, पण पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत आधी पायच जड होतात. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात हे चक्र आकृती काढून समजावून सांगितले गेले, आणि माझ्या मते या सेवेचे पहिले मोठे श्रेय तेच आहे. आपला थकवा कशाचा बनलेला आहे हे कळले, की स्वतःला दूषणे देणे थांबते आणि कुठे हात घालायचा तेही दिसू लागते.

सुरुवात सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीने होते. 30 मीटरच्या सपाट मार्गिकेच्या दोन टोकांना खुणेचे शंकू ठेवलेले असतात आणि त्यांना वळसा घालत सहा मिनिटांत जितके अंतर कापता येईल तितके कापायचे असते. वाटेत थांबण्याची, भिंतीला टेकण्याची पूर्ण मुभा असते, पण घड्याळ मात्र थांबत नाही. फिजिओथेरपिस्ट मुद्दाम बरोबरीने चालत नाहीत, कारण त्यांच्या चालीने रुग्णाची चाल बदलू शकते. धीर देण्याची वाक्येही दर मिनिटाला ठरलेलीच उच्चारली जातात, म्हणजे दोन वेळच्या चाचण्यांची तुलना प्रामाणिक राहते. चाचणीच्या आधी आणि नंतर बोर्ग मापनपट्टीवर दम आणि पायांचा शीण वेगवेगळा सांगायचा असतो. त्यात 0 म्हणजे मुळीच नाही आणि 10 म्हणजे कमाल. त्याबरोबर सीओपीडीचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजणारी, कॅट नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. तिचा शेवटचा प्रश्न अंगातल्या ताकदीविषयी आहे आणि एकूण गुण 40 पैकी मोजले जातात. चालण्याच्या अंतरात सुमारे 30 मीटरची वाढ ही रुग्णाला जाणवण्याजोगी सुधारणा मानली जाते. माझी वाढ त्याहून बरीच अधिक होती, पण मला अधिक मोल वाटले ते पायांच्या शिणाचा आकडा खाली आल्याचे.

प्रत्यक्ष व्यायाम हा या वर्गाचा कणा आहे. बहुतेक ठिकाणी वर्ग सहा ते बारा आठवड्यांचा असतो आणि आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली व्यायाम होतो. बोर्ग पट्टीवर दम साधारण 4 ते 6 पर्यंत चढेल इतका जोर लावायला सांगतात. ज्या माणसाने दम लागू नये म्हणून सारे आयुष्य आखडते घेतलेले असते, त्याला मुद्दाम धाप लागेपर्यंत चालायला सांगणे ही साधी गोष्ट नाही. सुरुवातीला अनेकांचे अवसान गळते. पण शेजारी जाणकार माणूस उभा आहे, बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे यंत्र) लावलेला आहे आणि थांबल्यावर काही मिनिटांत श्वास पूर्ववत होतो, हे वारंवार अनुभवले की धाप लागणे आणि जिवाला धोका असणे यांतला फरक शरीराला उमगतो. ज्यांना सलग चालणे जमत नाही त्यांच्यासाठी अर्धा मिनिट जोर आणि तितकीच विश्रांती अशी आलटून-पालटून पद्धत वापरतात. हवा आत साठायला वेळच मिळत नसल्यामुळे ती खरोखर सुसह्य होते.

मला सर्वांत उपयोगी ठरलेला व्यायाम म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि सावकाश पुन्हा बसणे. त्यात एक बारकावा शिकवला गेला : उठण्याच्या क्षणी ओठ चंबूसारखे करून हवा बाहेर सोडायची, बसताना नाकाने आत घ्यायची. आपण सवयीने नेमके उलट करतो, श्वास रोखून उठतो आणि उभे राहिल्याबरोबर धापा टाकतो. जोराच्या क्षणी उच्छ्वास हा नियम अंगवळणी पडला की पायरी चढणे, जड पिशवी उचलणे, खिडकी ओढून लावणे या सगळ्यांत तो आपोआप लागू होतो.

इथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. या वर्गाने फुप्फुसांची क्षमता वाढत नाही. वर्गाआधीची आणि नंतरची स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) शेजारी ठेवली तर आकडे जवळजवळ तेच दिसतात. सुधारतात ते स्नायू, दमाशी असलेले आपले नाते आणि कामे करण्याची रीत. ही मर्यादा माहीत असूनही सेवा मोलाची ठरते, कारण तिच्यामागचा पुरावा भक्कम आहे. सीओपीडीतील पुनर्वसनाविषयीच्या 65 संशोधन-चाचण्यांचा आणि 3,822 रुग्णांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दम आणि थकवा हे दोन्ही स्वतंत्रपणे मोजले होते आणि दोन्हींत रुग्णाला जाणवेल इतका फरक पडला होता. पुनर्वसन देणे आणि न देणे यांची तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज उरलेली नाही, असाच निष्कर्ष त्या लेखकांनी काढला.

थकव्याच्या दृष्टीने व्यायामाइतकाच मोठा भाग म्हणजे शक्ती जपून वापरण्याचे शिक्षण, आणि या बाबतीत वर्गावर्गांत बरीच तफावत असू शकते. आमच्याकडे एका व्यावसायिक उपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बाईंनी सगळ्यांना विचारले, की दिवसातले सर्वांत दमवणारे काम कोणते. बहुतेकांचे उत्तर एकच आले : आंघोळ. खांद्याच्या वर हात धरून केस धुताना, एरवी श्वासाला हातभार लावणारे मानेचे आणि खांद्यांचे स्नायू दुसऱ्याच कामाला जुंपले जातात. वाकून पाय चोळताना पोट दाबले जाते. वाफेने कोंदटल्यासारखे होते. त्यावरचे उपाय साधे होते. न्हाणीघरात स्टुलावर बसावे, कोपर छातीजवळ ठेवून हात हलवावेत, पाठीसाठी लांब दांड्याचा ब्रश घ्यावा, दार किंचित उघडे ठेवावे, आणि टॉवेलने अंग खसाखसा पुसण्याऐवजी टॉवेलच्या कापडाचा झगा अंगावर चढवून पाच मिनिटे बसून राहावे. हा झग्याचा उपाय मी आवर्जून अमलात आणला आणि सकाळच्या कामांचा निम्मा शीण तिथेच वाचला, असे मी म्हणेन.

बरे वाटणाऱ्या दिवसांविषयी याच बाईंनी दिलेला इशाराही तितकाच मोलाचा आहे. श्वास मोकळा असलेल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळून काढायचे, ही आपल्यापैकी अनेकांची रीत असते. त्यापेक्षा शक्तीचे अंथरूण पाहून पाय पसरावेत, जड काम आणि हलके काम आलटून-पालटून ठेवावे आणि दम लागल्यावर नव्हे, तर लागण्याच्या आधी थांबावे. जिना चढताना ठरावीक पायऱ्यांनंतर, थांबावेसे वाटत नसतानाही क्षणभर थांबले, तर वर पोहोचल्यावर बोलता येते. हा फरक स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही.

श्वसनाच्या तंत्रांना वर्गात पुरेसा वेळ मिळाला. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घेऊन आवळलेल्या ओठांतून चार अंकांपर्यंत सोडणे, धाप लागल्यावर पुढे झुकून हात मांड्यांवर टेकणे, आणि छोटा हातपंखा चेहऱ्यासमोर धरणे, ही तिन्ही साधने खिशात ठेवण्याजोगी आहेत. पंख्याचा वारा गालांवर आणि नाकाभोवती लागला की दमाची जाणीव कमी होते. मात्र चेंडू वर उचलणारे प्लास्टिकचे यंत्र हातात देऊन रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. ते यंत्र मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घेण्यासाठी आहे आणि पायांच्या व्यायामाची जागा ते घेऊ शकत नाही.

आता उणिवा. व्यायामाची खोली इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि प्रवेशद्वारापासून तिथपर्यंतच्या लांबलचक मार्गिकेत टेकायला एकही बाक नव्हता. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांचीच वाट कोणी चालून पाहिली नव्हती, याचे मला वाईट वाटले. फायब्रोसिसच्या रुग्णांचा ऑक्सिजन चालताना फार झपाट्याने खाली येऊ शकतो. त्यांना आमच्याच वेगाने आमच्याच गटात बसवले होते, त्यांच्यासाठी वेगळी आखणी हवी होती. ऑक्सिमीटरच्या मर्यादाही सांगायला हव्या होत्या : बोटे गार असली किंवा नखांना रंग असला तर आकडा फसवा येऊ शकतो, आणि गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. भीती आणि खचलेले मन यांसाठी एकच तास राखून ठेवला होता, तो अगदीच अपुरा पडला.

सर्वांत मोठी उणीव शेवटाची. अखेरची चाचणी झाली, प्रमाणपत्र मिळाले आणि तिथेच सगळे संपले. व्यायाम सुटला तर वर्गाचा लाभ साधारण सहा ते बारा महिन्यांत ओसरू लागतो, हे जगभरच्या अनुभवातून ठाऊक असताना पुढच्या महिन्यांची आखणी करून न देणे मला अक्षम्य वाटते. ट्रेडमिलवर शिकलेला माणूस घरी ट्रेडमिल नसली की अडतो. खुर्ची, पायरी आणि लवचीक पट्टा यांवरच अधिक भर दिला असता तर ही अडचण आलीच नसती.

तरीही दीर्घ श्वसनविकार असलेल्या आणि रोजच्या कामांत दम लागणाऱ्या प्रत्येकाने हा वर्ग मागून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा छातीत दुखणे आटोक्यात नसेल तर मात्र आधी त्याचा उपचार व्हायला हवा. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचाराव्यात : सुरुवातीला आणि शेवटी चालण्याची चाचणी होते का, घरच्या कामांविषयी कोणी तज्ज्ञ बोलतात का, आणि वर्ग संपल्यावर काय. आजार बळावून रुग्णालयात राहावे लागले असेल, तर पूर्ण बरे होण्याची वाट पाहत बसू नये. घरी परतल्यापासून चार आठवड्यांच्या आत वर्ग सुरू केलेल्यांना पुन्हा भरती होण्याची वेळ कमी येते, म्हणून घरी सोडण्याच्या कागदपत्रांतच वर्गासाठीची चिठ्ठी लिहून मागावी.