आठ महिने क्यूजीआयएस: जागा नाकारायचं सॉफ्टवेअर

आमचं ऑफिस गोव्यात फोंड्याला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मी सिव्हिल इंजिनिअर, सोबत एक ड्राफ्ट्समन. घर नाहीतर आठ-दहा फ्लॅटची इमारत बांधायला जागा शोधणारी माणसं येतात. हातात चार-पाच सर्व्हे नंबर असतात आणि प्रश्न एकच असतो, "ह्यातली कुठली घेऊ?" पूर्वी आम्ही एक-चौदाचे उतारे (आमच्याकडचा सातबारा), सर्व्हे प्लॅन आणि कुठल्या जमिनीवर काय करता येतं हे ठरवणाऱ्या रिजनल प्लॅन २०२१ ची पंचायतवार पीडीएफ टेबलावर पसरून पेन्सिलीने अंदाज बांधायचो. आठ महिन्यांपासून हेच काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर करतो आहे.

त्याआधी महिनाभर नगर नियोजनाचं एक विकतचं पॅकेज ट्रायलवर घेतलं होतं. नाव लिहीत नाही. दिसायला देखणं, प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण द्यायचं. बार्देशातली खाजनाच्या (भरतीच्या पाण्याकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीच्या) कडेची एक जागा त्यात ७८ गुण घेऊन पहिली आली. रस्ता रुंद, बाजार जवळ, भाव कमी, त्यामुळे खाजनाच्या रकान्यातलं शून्य बाकीच्यांनी भरून काढलं. रिजनल प्लॅनमध्ये खाजन इको-१ या राखीव झोनमध्ये येतं, तिथे फुकट मिळाली तरी इमारत उठत नाही. गुणांची सरासरी काढणाऱ्याला हे कळलंच नव्हतं. ट्रायल संपली तशी मी ते काढून टाकलं.

क्यूजीआयएस फुकट आहे, गुण वगैरे आपणहून देत नाही, सगळं आपणच मांडायचं. मी मांडणी अशी केली, की आधी जागा बाद करायच्या आणि उरतील त्यांचीच तुलना करायची. झोन, उतार, सखल भाग, सीआरझेड (समुद्र-नदीकाठचा नियंत्रित पट्टा), रस्ता. यांतल्या एकातही जागा अडकली की ती लाल, मग भाव काहीही असो. उरलेल्यांचाच एफएआर काढायचा, म्हणजे जागेच्या किती टक्के बांधकाम करता येतं ते. पंचायत भागात दोन वर्ग, व्हीपी-१ ला ८०, व्हीपी-२ ला ६०, म्हणजे हजार चौरस मीटरमागे ८०० की ६०० हा फरक भावात उतरतो.

रिजनल प्लॅनची पीडीएफ जमिनीवर नेमकी बसवणं हे खरं कष्टाचं काम. रस्त्यांचे तिठे, देवळाची तळी, पुलाची टोकं अशा खुणा पकडून जिओरेफरन्सिंग करायचं. डोंगरी भागात खुणाच सापडत नाहीत. बसलं तरी झोनची रेषा स्क्रीनवर मोठी केली की तिची जाडीच काही मीटर भरते. जागा त्या जाडीत आली तर मी हिरवा-लाल ठरवत नाही, नगर नियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट काढायला सांगतो. माहिती मी आधी शेपफाइल या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवत होतो. तिथे रकान्याच्या नावाला दहा बाइट्स, आणि देवनागरीचं एक अक्षर तीन खातं, म्हणून 'मुंडकार'चं 'मुं' आणि अर्धवट काहीतरी उरायचं. जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरायला लागल्यावर ती कटकट गेली.

आता उताराबद्दल, कारण तिथे मी दोनदा तोंडावर पडलो.

पहिल्यांदा उंचीचा डेटा उतरवून थेट स्लोप, म्हणजे उतार काढायचं साधन, चालवलं. अख्खा डिचोली तालुका जवळजवळ ९० अंशांत भिंतीसारखा उभा! डेटा अक्षांश-रेखांशात होता आणि उंची मीटरमध्ये, दोघांचं जमेना. यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत रूपांतर केल्यावर टेकड्या टेकड्यांसारख्या दिसू लागल्या. ही चूक निदान डोळ्यांना दिसली तरी. दुसरी दिसली नाही.

गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या १७अ कलमात डोंगराळ जमीन म्हणजे १:१० किंवा त्याहून जास्त उतार, तिथे परवानगीशिवाय कापणी नाही. मी मर्यादा म्हणून १० भरले आणि पुढे गेलो. सॉफ्टवेअर उतार अंशांत देत होतं. १:१० म्हणजे दहा टक्के, अंशांत ५.७. मी घातलेले दहा अंश म्हणजे साडेसतरा टक्क्यांहून जास्त. दोन महिने माझ्या नकाशात बऱ्यापैकी चढाच्या जागा हिरव्यागार दिसत होत्या. त्यातली एक डिचोलीतली, एका काकांना पसंत पडलेली. बयाणा द्यायच्या आदल्या दिवशी आमच्या ओळखीचा सर्व्हेअर ऑफिसात चहाला आला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे, ह्या जागेत गाय उभी राहिली तर खाली घसरेल. हिरवी कशी?" स्लोपच्या खिडकीत टक्क्यांसाठी एक छोटा चौकोन असतो, तो टिक करायचा राहिला होता. काकांना मीच फोन करून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं, आजच कळलं." त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

फुकट मिळणारा उंचीचा डेटा तीस मीटरचा असतो. म्हणजे एक चौकोन ९०० चौरस मीटरचा, आणि आमच्याकडच्या जागा बहुतेक हजार-दोन हजारांच्या. दीड-दोन चौकोनांत उतार काय कळणार? मधे चिऱ्यांचा दोन पुरुष उंचीचा कडा असला तरी तो पसरट चढ होऊन दिसतो. त्यात काजूचं दाट भाट असेल तर झाडांचे शेंडेच जमीन समजले जातात. तालुक्यातली वीस जागांची यादी पाचवर आणायला हा डेटा ठीक, पाचातली एक निवडायला टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन जागेवर जावंच लागतं.

सीआरझेडसाठी बफर मारणं, म्हणजे रेषेपासून ठरावीक अंतराचा पट्टा काढणं, मात्र सुखाचं. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या नदीला भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी असेल ते. २०१९ च्या अधिसूचनेत १०० चे ५० झाले, पण तिच्याप्रमाणे केलेला किनारी आराखडा मंजूर होईस्तोवर जुनाच चालतो. एजंट हे 'पण' गिळून टाकतात. मी दोन्ही बफर दोन रंगांत काढून गिऱ्हाइकासमोर ठेवतो. झोनचंही तसंच. त्याच नगर नियोजन कायद्याच्या १७(२) खाली झोन 'दुरुस्त' करून घेतलेल्या जागा बाजारात फिरतात. त्या दुरुस्तीचे २०२३ चे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, म्हणून अशा जागांना मी वेगळा जांभळा रंग दिला आहे आणि वकिलाकडे पाठवतो.

गेल्या महिन्यात फोंडा तालुक्यातली एक जागा सगळ्या चाळण्यांतून पार झाली. सेटलमेंट (वस्तीचा) झोन, उतार चार टक्के, रस्ता सहा मीटरहून रुंद, एक-चौदावर कुळाचं नाव नाही. मोबाइलवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसचे नकाशे जागेवर दाखवणारं ॲप) उघडून मी आणि डिचोलीवाले काका तिथे गेलो. आमचा निळा ठिपका हद्दीच्या बरोबर मध्ये, आणि समोर आंब्याच्या फांद्यांखाली कौलारू घर, दारात तुळस. उपग्रहाच्या चित्रात नुसता आंबा दिसत होता. म्हातारी बाहेर आली, आमच्याकडे आणि मोबाइलकडे बघून म्हणाली, "भाटकार बदल्लो काय रे पुता?"

मुंडकाराचं घर, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर राहणाऱ्याचं. १९७५ च्या कायद्याने तिला तिथून हलवता येत नाही, आणि घर व भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क तिलाच. काका तुळशीशेजारच्या पायरीवर बसले, तिने दिलेलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "हे कुठल्या लेयरात येतं?"

संध्याकाळी टेबलमध्ये एक रकाना वाढवला: 'पायी बघितलं'. तो भरेपर्यंत जागेला हिरवा रंग मिळत नाही.