सीटी अँजिओग्राफी : चार स्टार, एक सीडीमुळे कापला

एसटीच्या डेपोत ३४ वर्षं मेकॅनिक होतो. पाइप कुठून निघतो, कुठे जातो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. वय ६७. जिना चढताना छातीत दडपण यायचं म्हणून आधी गावाकडच्या हॉस्पिटलात मनगटातून अँजिओग्राफी केली. हृदयाची डावी नस दिसली, उजवीचं तोंडच सापडेना. बराच वेळ तार फिरवून डॉक्टर म्हणाले, "काका, सीटी करून या." बाहेर पोराला वाटलं, उजवी पूर्ण बंद आहे. त्याचा चेहरा पडला.

इथं सीटीसाठी वेळ ९ ची, आत घेतलं साडेअकराला. नाडी ८६ होती, ती ६० च्या आसपास उतरावी म्हणून मेटोप्रोलॉलची गोळी देऊन बसवलं होतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी काउंटरवर भांडलो नसतो. (नंतर त्या पोरीला सॉरी म्हटलं.) क्रिएटिनिनचा (किडनी ठीक आहे का ते सांगणारा) रिपोर्ट मात्र न विसरता मागितला. डाय (नसा फोटोत दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) सोडली की अंगातून गरम लाट जाते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते, घाबरू नका. बाकी काही नाही, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा.

पैसे वसूल झाले ते डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली तेव्हा. उजवी नस बंद नव्हतीच! ती निघाली होती डाव्या बाजूने, आणि महाधमनी व फुप्फुसाची धमनी यांच्या बेचक्यातून उजवीकडे गेली होती. तोंड गोल नाही, चिरेसारखं. जन्मापासूनचं. हे असलं फिटिंग घेऊन मी आयुष्यभर गिअरबॉक्स उचलले!

डॉक्टर म्हणाले, "याचा धोका जास्त तरुणपणी, जोराच्या श्रमात. डावी नस उजवीकडून निघाली असती तर मी वेगळं बोललो असतो. स्ट्रेस थॅलियम करा, म्हणजे श्रमात हृदयाला रक्त पुरतं का ते बघणारी तपासणी. रक्त कमी पडतंय असं दिसलं तर ऑपरेशनचा विचार करू." घाई नाही, भीती घालणं नाही. थॅलियम चांगलं आलं. वाढलेल्या बीपीची गोळी बदलली, आता दोन जिने चढतो.

एक स्टार कापला तो स्कॅन सीडीवर दिला म्हणून. आजकाल सीडी लागते कुठे? चौकातल्या फोटो स्टुडिओत नेऊन पेनड्राइव्हवर घ्यावी लागली. तो विचारतो, "काका, लग्न कुणाचं?"